नॉर्वेत जन्मलेला पणजोबा

समुद्राकाठच्या आमच्या पोर्टलोगी गावात दोनशे बारा घरं आहेत आणि त्यातल्या एकशे चाळीस घरांचं आडनाव फ्लेट. मी या गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं. 'जेम्स फ्लेट, पोर्टलोगी' एवढंच लिहिलेलं पाकीट हातात आलं की मी ते दोनदा उलटंपालटं करून बघायची. जेम्स फ्लेट अकरा होते. त्यातले दोन एकमेकांशी बोलत नव्हते, आणि एकाचं पत्र दुसऱ्याकडे गेलं तर दोघं मिळून माझ्याशी भांडायचे.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक घराण्याला टोपणनाव असतं. बापाचं मुलाला, मुलाचं नातवाला. बकी, बोझन, लाटिन, डोसी. शाळेच्या हजेरीत, होडीच्या कागदांवर, थडग्याच्या दगडावरसुद्धा आडनावापुढे ते लिहितात. मी नेट्टा फ्लेट, डोसी. डोसी म्हणजे काय ते कोणालाच ठाऊक नाही, आणि विचारायची पद्धतही नाही.

किनाऱ्यालगतच्या गल्लीत शेवटच्या घरात जॉर्ज फ्लेट राहतो, त्याचं टोपणनाव नॉरी. हे नाव कुठून आलं ते मात्र गावातलं शेंबडं पोरही सांगेल. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी नॉर्वेचं एक लाकडाचं जहाज आमच्या खडकांवर फुटलं. सगळी माणसं बुडाली. सकाळी वाळूवर एक फळी आली, आणि त्या फळीला बांधलेलं एक तान्हं बाळ. कुण्या फ्लेटनं ते घरी नेलं, आपलं नाव दिलं, वाढवलं. तो नॉरीचा पणजोबा, थोरला जॉर्ज. त्याला एक मुलगा, त्या मुलाला एक मुलगा, त्याला हा नॉरी. आणि नॉरीनं लग्नच केलं नाही, त्यामुळे पुढे खडखडाट.

ज्या गावात दगड मारला तर तो आपल्याच चुलत्याला लागतो, त्या गावात नॉरी शहात्तर वर्षं कोणाचाच काही न लागता राहिला. आणि त्याची त्याला कोण ऐट!

"तुम्ही सगळे एका पिंपातले हेरिंग," तो म्हणायचा. "एकाला खाज सुटली की सगळे खाजवणार. मी वेगळ्या पाण्यातला मासा आहे."

कॅसेटी लावून लावून तो नॉर्वेची भाषा शिकला होता. भर उन्हाळ्यातसुद्धा तिकडच्या नक्षीचा लोकरीचा स्वेटर घालायचा. मे महिन्याच्या सतरा तारखेला नॉर्वेचा राष्ट्रीय सण असतो, त्या दिवशी तो कपडे वाळवायच्या मैदानातल्या खांबावर त्यांचा झेंडा चढवायचा, टोपी काढायचा आणि एकटाच त्यांचं गाणं म्हणायचा. आवाज वाईट नव्हता. पण तो खांब त्याच्या शेजारणीचा, विल्माचा.

विल्मा फ्लेट, बकी. वय बहात्तर, चार मुलं, नऊ नातवंडं, आणि जीभ अशी की त्यावर मासे कापावेत. तिचं म्हणणं, खांब तिच्या आजोबांनी पुरलाय. नॉरीचं म्हणणं, मैदान गावाचं आहे. हा वाद बावीस वर्षं चालू होता. त्या वर्षी सतरा मेला वारा जोरात होता, आणि झेंड्याचं टोक विल्माच्या ओल्या चादरींवर फाडफाड आपटत होतं. लाल रंग उतरला. पांढऱ्या चादरींवर लाल ओघळ. मी त्या वेळी तिथूनच चालले होते.

"काढ ते फडकं!" विल्मा ओरडली.

"राष्ट्रध्वजाला फडकं म्हणतेस?"

"कुणाचं राष्ट्र? तुझ्याकडे काही कागद आहे का रे, मेल्या? फळीवर आलं म्हणे बाळ! मांजरीचं पिल्लूसुद्धा जगलं नसतं त्या थंडीत. कुठं लिहिलंय? दाखव एक तरी कागद!"

"दाखवला तर?"

"दाखवलास तर तुझा झेंडा मी माझ्या खिडकीत लावीन. माझ्या हातानं. आठवडाभर!"

नॉरीनं तिथल्या तिथे माझ्याकडे वळून पाहिलं. कारण निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी दुपारी मी गावच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत बसते. तिथे जुन्या जनगणनेची पानं कॉम्प्युटरवर बघता येतात, त्यावेळच्या भाषेत खानेसुमारी. दर दहा वर्षांनी सरकारी माणूस दारोदार फिरून लिहून न्यायचा : घरात कोण, नातं काय, वय किती, धंदा कोणता, जन्म कुठे. कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून लोक येतात आणि आपले खापरपणजोबा शोधतात. एकशे चाळीस फ्लेट-घरांमधून नेमका माणूस काढायचा तर टपालवालीच पाहिजे, असं पाद्रीबुवा म्हणाले होते, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. नॉरी मात्र तिथे कधी फिरकला नव्हता. त्याचे पूर्वज आमच्या कागदांत कशाला असतील?

त्या गुरुवारी तो दोन वाजायच्या आधीच दारात हजर.

"नेट्टा, थोरला जॉर्ज इथेच वारला. म्हणजे मोजणीवाल्यानं त्याला कधीतरी विचारलंच असेल ना, जन्म कुठला म्हणून?"

"विचारलंच असेल."

"मग काढ."

अठराशे एक्क्याण्णवचं पान उघडलं. किनारा गल्ली, शेवटचं घर. जॉर्ज फ्लेट, नॉरी. कुटुंबप्रमुख. वय सत्तेचाळीस. मच्छीमार. आणि शेवटच्या रकान्यात, सुबक तिरक्या अक्षरात : जन्म, नॉर्वे.

नॉरीनं त्या शब्दावर बोट टेकवलं. खुर्ची मागे सारून उठला, आणि त्यानं मला उचललं. मी काही हलकी नाही. दोघंही कपाटावर आदळलो. तो हसत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो म्हणत होता, "जन्म नॉर्वे! जन्म नॉर्वे, नेट्टा! सरकारी शाईत!"

पानाच्या त्यानं सहा प्रती काढून घेतल्या. एक मासळीच्या गाडीवाल्याला दिली, एक दवाखान्यात चिकटवली, एक पाद्रीबुवांच्या हातात कोंबली. आणि एक विल्माच्या दारात उभं राहून मोठ्यांदा वाचून दाखवली.

विल्मा शब्दाची पक्की. तिनं झेंडा घेतला, खिडकी उघडली, आणि रागारागानं मुद्दाम उलटा लावायला गेली. मग तिच्या लक्षात आलं की त्या झेंड्याला उलटं-सुलटं काही नसतंच. मी रस्त्यावर उभी होते, मला हसू आवरेना, तर ती मलाच म्हणाली, "तू कशाला दात काढतेस? तुझ्याच मशीननं केलंय हे!"

इथंच मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण एका कागदावर भरवसा ठेवायचा नाही, ही माझी सवय. पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या पत्रावरचा पत्ता यांची मी आयुष्यभर गाठ घालत आले. पुढच्या गुरुवारी कोणी आलं नव्हतं, बाहेर पाऊस होता, म्हणून सहज एकोणीसशे एकचं पान उघडलं. तोच जॉर्ज, तेच घर, वय सत्तावन्न. जन्म, पोर्टलोगी.

मी चष्मा पुसला. पोर्टलोगीच.

आता एकच माणूस दहा वर्षांत दोन ठिकाणी कसा जन्मेल? मी मागे गेले. अठराशे एक्क्याऐंशीत तो गावात नव्हता; पीटरहेड बंदरात सापडला, देवमासे पकडणाऱ्या जहाजावरचा खलाशी. जन्म, पोर्टलोगी. आणखी मागे. अठराशे एक्कावन्न. त्या वर्षी आमच्या गावची मोजणी शाळामास्तरानं केली होती, आणि त्या माणसाला लिहायची फार हौस. किनारा गल्ली, एक नंबर, दोन नंबर, जाळ्यांची कोठी, आणि त्यापुढे घराच्या नावाच्या रकान्यात एकच शब्द : नॉर्वे.

खाली नावं. विल्यम फ्लेट, मच्छीमार. एल्सपेट, बायको. आणि मुलं नऊ! सगळ्यांत धाकटा जॉर्ज, वय सात, मुलगा. मानलेला नाही, सांभाळलेला नाही. मुलगा. मास्तरानं समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : "हे घर फुटलेल्या नॉर्वेच्या जहाजाच्या फळ्यांचे बांधले असल्यामुळे गावात यास नॉर्वे म्हणतात. आत अकरा माणसे व एक शेळी. कोणी एका जागी बसेना, सबब मोजणीस फार वेळ लागला."

मी मोठ्यांदा हसले. रिकाम्या खोलीत एकटीच. मग आणखी हसले. सभागृहाची झाडलोट करणारी ग्रेटा धावत आली, तिला वाटलं मला झटका आला.

सगळं लख्ख दिसत होतं. एक्क्याण्णव साली कोणीतरी परगावचा मोजणीवाला आला असणार. त्यानं विचारलं, जन्म कुठला? जॉर्ज म्हणाला, नॉर्वेत. खोटं नव्हतं, त्या फळ्यांच्या घरातच तर जन्मला होता! साहेबानं लिहून घेतलं आणि पुढे गेला. पुढच्या पिढ्यांनी त्यात बाळ घातलं, फळी घातली, वाळू घातली. घर मात्र कधीचंच समुद्रानं नेलेलं.

पण खरी गंमत पुढे होती. त्या नऊ मुलांपैकी मी एकेकाचा माग काढत गेले. दोघं भाऊ बुडाले, मागे मुलं ठेवून. दोघं कॅनडात गेले. एका भावाचे पुढे बोझन झाले. एका बहिणीचे लाटिन. जीन नावाच्या बहिणीनं बकींच्या घरात लग्न केलं. आणि मार्गारेट नावाच्या बहिणीनं, अरे देवा, डोसींच्या! पिंपातल्या सगळ्या हेरिंगांमध्ये नॉरी वरपासून खालपर्यंत गुंतलेला होता. त्या पिंपात मीसुद्धा होते.

आणि त्याच वेळी विल्माच्या खिडकीत झेंडा फडफडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीतून लोण्याचे चपटे पाव घेतले आणि नॉरीकडे गेले. त्यानं चहा टाकला. भिंतीवर नॉर्वेचा नकाशा, कपाटावर नॉर्वेचं लाकडी जहाज. मला वाटलं, परत फिरावं. पण पिशवीतून पान काढून टेबलावर ठेवलं.

त्यानं भिंग घेऊन वाचलं. बोट एकेका नावाखालून सरकत गेलं. समासापाशी थांबलं.

"अकरा?" तो म्हणाला.

"अकरा."

"शेळी धरून?"

"शेळी वेगळी."

चहा उकळून उतू चालला होता. मी उठून गॅस बंद केला. तो अजून पानाकडेच बघत होता. मग म्हणाला, "नेट्टा, तू आता जा हं. रागावलो नाहीये. पण जा."

पडदे ओढले गेले. त्या दिवशी उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. दूधवाल्यानं सांगितलं, बाटली दारातून आत जाते, पण माणूस दिसत नाही. मला अन्न गोड लागेना. शहात्तर वर्षांच्या माणसाचा अख्खा देश मी एका दुपारी काढून घेतला होता. गरज होती का? कोणी विचारलं होतं का?

तिसऱ्या दिवशी दुपारी विल्माच माझ्या दारात आली, हातात हॅडॉक मासा आणि बटाट्याच्या सुपाचं भांडं.

"नॉरी मेला की काय गं? दोन दिवस झाले, एक शब्द भांडला नाही. मी मुद्दाम त्याच्या खिडकीखाली गालिचा झटकला, तरी चूं नाही. मला बाई कसंतरीच होतंय."

मग मी तिला सगळं सांगितलं. घर, शेळी, नऊ मुलं. जीनचं नाव आलं तशी ती माझ्या पायरीवर मटकन बसली.

"जीन माझी पणजी," ती म्हणाली. "आणि आई सांगायची, पणजीला एक धाकटा भाऊ होता, पण त्याचं नाव घरात काढायचं नाही. त्या दोघांची आई वारली तेव्हा तो जहाजावरून आला नाही म्हणून पणजीनं जन्मभर अबोला धरला. म्हातारी शेजारच्या भिंतीकडे तोंडसुद्धा करून बसायची नाही, म्हणे." ती थांबली. "शेजारची भिंत. म्हणजे तो शेजारीच राहत होता! अगं, म्हणजे हा मेला नॉरी माझा भाऊ लागतो?"

"आतेभाऊ-मामेभावांतला. तिसऱ्या पिढीतला."

विल्मानं सूप खाली ठेवलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. "बावीस वर्षं," ती म्हणत होती, "बावीस वर्षं मी घरच्या माणसाशी घरच्या खांबावरून भांडतेय! आणि आठ दिवस झेंडा लावलाय माझ्याच पणजीच्या माहेरचा!" आम्ही दोघी पायरीवर एकमेकींना धरून हसत सुटलो. समोरून जाणाऱ्या पाद्रीबुवांनी टोपी उचलली आणि पाऊल उचललं.

मग आम्ही सूप घेऊन नॉरीकडे गेलो. मी दार वाजवणार, तोच ते आतून उघडलं.

नॉरी दाढी करून, रविवारचा निळा सूट घालून उभा. बोटांना शाई, डोळे लाल, आणि चेहरा असा की जणू शाळेला अचानक सुट्टी मिळालीय. मागे जमिनीवर भिंतीला लावायच्या कागदाची अख्खी गुंडाळी पालथी उलगडलेली, स्वयंपाकघरापासून थेट पलंगाखालपर्यंत. तिच्यावर चौकोन, रेघा, नावं.

"आत या, आत या, कडेनं चाला, बोझनांवर पाय देऊ नका!" तो म्हणाला. "पाद्रीबुवांकडून लग्नांची वही आणवली मागच्या दारानं. नेट्टा, त्या नऊ मुलांपासून मी खाली खाली उतरत आलो. एकशे सात! एकशे सात माणसं लागतात मला, जिवंत! ही कॅनडातली धरली नाहीत अजून. विल्मा, तू इथे बघ, खिडकीपाशी. नेट्टा, तू चुलीजवळ. तूसुद्धा आहेस, माहितेय का तुला?"

"माहितेय," मी म्हणाले.

"मला नव्हतं माहीत!" तो जवळजवळ ओरडला. "मी शाळेत होतो ना, तेव्हा मास्तर म्हणायचे, आपापल्या भावंडांबरोबर रांगेत उभे राहा. मी एकटाच भिंतीपाशी. मग मी ठरवलं, आपण नॉर्वेचे. कुठलंतरी असायलाच पाहिजे ना माणसानं."

विल्मा कागदाच्या कडेकडेनं पुढे झाली. तिनं सुपाचं भांडं त्याच्या हातात दिलं. "खा आधी. गार होतंय." आणि मग नेहमीच्या आवाजात, "आणि खांबाचं काय ते ठरवून टाक. आता भाऊ म्हणून सांगते, खांब माझा आहे."

"आता भाऊ म्हणून सांगतो," नॉरी म्हणाला, "अर्धा माझा आहे."

पुढच्या शनिवारी सकाळी नऊला त्यानं गुंडाळी बगलेत मारली आणि गावात निघाला. मीही मागोमाग गेले, कारण हे बघायचं सोडून घरी कोण बसेल? प्रत्येक दारात तो टोपी काढायचा, गुंडाळी उलगडायचा, आणि सांगायचा, "नमस्कार. मी तुमचा नातलग."

पहिल्या दारात थोरला बोझन, वय एक्क्याऐंशी. त्यानं गुंडाळी डोळ्यांजवळ धरून वाचली, मान डोलावली, आणि म्हणाला, "बरं झालं. शिडी धर." तो छपराची पन्हळ साफ करत होता. नॉरीनं सुटाच्या बाह्या सारून शिडी धरली. वरून बोझन म्हणाला, "माझा भाऊ गेला तेव्हा दोरीला एक माणूस कमी पडला होता. तू मागे टोपी धरून उभा होतास. मला आठवतंय." आमच्याकडे शवपेटी थडग्यात उतरवताना तिच्या आठ दोऱ्या नात्यातल्यांनीच धरायच्या असतात. नॉरीनं गावातल्या शेकडो अंत्यविधींना हजेरी लावली असेल. त्याच्या हातात दोरी कधी आली नव्हती. शिडी मात्र त्यानं अशी घट्ट धरली की बोझन वरून म्हणाला, "अरे, मला उतरू तरी दे!"

दुसऱ्या दारात लाटिनांच्या सुनेनं त्याच्या हातात बाळ दिलं आणि अंघोळीला निघून गेली. तिसऱ्या दारात मांजरीची पिल्लं झाली होती, एक त्याच्या खिशात गेलं. चौथ्या दारात जेसिमिना फ्लेट, माझी मावशी, वय नव्वद. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग काठी जमिनीवर आपटली.

"मग सत्याऐंशी साली माझ्या अ‍ॅग्नेसच्या लग्नाला का आला नाहीस?"

"मला बोलावलं नव्हतं."

"घरच्यांना बोलावणं लागतं का रे?"

नॉरीनं टोपी छातीशी धरली. मग तो म्हणाला, "चुकलं, मावशी." आणि खुशीत इतका लाल झाला की मावशीनं त्याला पाणी दिलं. पुढे प्रत्येक दारात तो स्वतःहूनच विचारायला लागला, "मी तुमच्या कुठल्या लग्नाला आलो नव्हतो?" लोकही उत्साहानं शिव्या घालायचे. दुपारपर्यंत त्याला तीन होड्या रंगवायचं काम लागलं होतं, एका घरात दम मिळाला होता, दुसऱ्या घरात जुनं भांडण सोडवायला बसवलं होतं, आणि त्याच्या खिशात पिल्लासोबत साखरेच्या वड्या इतक्या झाल्या होत्या की पिल्लू चिकट झालं.

चार वाजता धक्क्यावर गर्दी जमली. विल्माच्या नातीचं, मॉरवेनचं, पुढच्या आठवड्यात लग्न होतं, आणि लग्नाआधी आमच्याकडे नवरीला गमतीनं काळं फासतात. घरच्यांनी आणि जिवलगांनीच फासायचं असतं. परक्याला हात लावू देत नाहीत. काकवीचे डबे, पीठ, काजळी, पिसं, आदल्या दिवशीच्या माशांची आतडी, सगळं बादल्यांत तयार. मॉरवेनला तिच्या भावांनी बेकरीच्या मागून धरून आणलं, ती किंचाळत होती, लाथा झाडत होती, आणि आनंदानं नुसती फुटत होती.

नॉरी धक्क्याच्या भिंतीपाशी उभा होता, हात मागे बांधून. मी बघितलं, आणि मला कळलं, ही त्याची सवय. सगळ्या गावाच्या मौजमजेला तो याच भिंतीपाशी उभा असायचा.

विल्मानंही बघितलं. "ए नॉरी! तिथं काय पाहुण्यासारखा उभा राहिलायस? बादली धर!"

"मी?"

"मग कोण, शेळी?"

तो आला. सूट, टाय, चकचकीत बूट. त्यानं काकवीचा डबा दोन्ही हातांनी उचलला. क्षणभर मॉरवेनकडे बघितलं, जणू परवानगी मागतोय. ती ओरडली, "ओता ना, आजोबा, गार पडतेय मी!" आजोबा म्हणाली ती. नॉरीनं अख्खा डबा तिच्या डोक्यावर पालथा केला. काकवी केसांतून, कानांवरून, नाकावरून ओघळली, आणि माणसांनी असा गलका केला की बंदरातले सीगल उडाले. मग मॉरवेननं डोळे पुसले, दोन्ही हात पसरले आणि नॉरीला कडकडून मिठी मारली. निळा सूट गेला. कोणीतरी मागून पीठ टाकलं. विल्मानं पिसं टाकली, आणि तिनं नेम नवरीवर धरला नव्हता.

पुढे उघड्या ट्रकमध्ये बसवून नवरीची मिरवणूक निघाली, पातेली आणि डब्यांची झाकणं बडवत. नवरीच्या शेजारी पिसांनी भरलेला नॉरी, आणि त्याच्या शेजारी विल्मा, कारण तिला म्हणे त्याच्यावर लक्ष ठेवायचं होतं. गावाला तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत कोणीतरी ओरडलं, "नॉरी, गाणं होऊ दे!" त्याला पाठ होतं ते एकच. त्यानं नॉर्वेचं गाणं सुरू केलं. शब्द कोणालाच येत नव्हते, पण चाल बावीस वर्षं मे महिन्यात ऐकून सगळ्यांना पाठ. चाळीस-पन्नास फ्लेट मिळून ला-ला-ला करत गाऊ लागले. विल्मा सगळ्यांत मोठ्यांदा. मी ट्रकच्या मागच्या फळीवर लोंबकळत होते, सहासष्टाव्या वर्षी, आणि हसून हसून माझ्या बरगड्या दुखत होत्या. खरं सांगते, त्या दिवशी कोणीही थेंबभर दारू प्यायलं नव्हतं. निदान तोवर तरी.

लग्नात नॉरी बकींच्या बाकावर बसला, दुसऱ्या रांगेत. सूट धुऊनही स्वच्छ झाला नाही म्हणून बोझननं आपला दिला. बाह्या तोकड्या होत्या. त्या उन्हाळ्यात त्याला दोन बारशी, एक साठी आणि जहाज रंगवण्याच्या सहा पाळ्या आल्या. ऑगस्टपर्यंत तो कुरकुरायलाही लागला. म्हणाला, "नेट्टा, एवढे नातेवाईक म्हणजे फार होतंय गं. कोणाच्याही दारावरून सरळ जाता येत नाही." मी म्हणाले, हेच आम्ही जन्मभर भोगतोय. त्यानं हे फार अभिमानानं ऐकून घेतलं.

नॉर्वेची भाषा त्यानं सोडली नाही. म्हणतो, एवढी शिकलोय तर वाया कशाला घालवू? आता तो ती विल्माच्या धाकट्या नातवंडांना शिकवतो, आणि ती पोरं तिच्यासमोर बसून तिला न कळणाऱ्या भाषेत तिचीच टिंगल करतात. खांबावरून भांडण आहेच. फरक एवढाच की आता दोघं भांडण अर्धवट टाकून जेवायला आत जातात.

ऑक्टोबरात एका गुरुवारी तो पुन्हा सभागृहात आला. काखेत ते मांजर, आता चांगलं गलेलठ्ठ झालेलं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.

"झालं ना सगळं?" मी विचारलं. "आता काय राहिलं?"

"ही झाली बापाकडची," तो म्हणाला. "आता आईकडची काढ."

त्याची आई शेजारच्या गावची. तिथे दोनशे घरं आहेत, आणि त्यातल्या एकशे साठ घरांचं आडनाव स्मिथ. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नॉरी, तिचं टोपणनाव तरी काय होतं?"

"ते कुठे मला माहीत?" तो म्हणाला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. "तेच तर शोधायचंय! चल, उघड!"